ग्रुएरच्या तळ्याकाठची नोंदवही

ज्या गावी जुने चर्च आहे, त्या गावी जुन्या नोंदवह्याही असतात. कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणाचा विवाह कोणाशी लागला, कोणास कोणत्या दिवशी मूठमाती मिळाली, हे सारे धर्मगुरूंच्या हस्ताक्षरात तेथे लिहिलेले असते. शाई फिकी पडते, कागदास वाळवी लागते. तरीही घराण्याचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे शेवटी त्या वहीकडेच धाव घ्यावी लागते. माणसाची आठवण चुकते; वही सहसा चुकत नाही.

परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशीही एक नोंदवही आहे, की जी कोणा धर्मगुरूने लिहिली नाही आणि कोणा कारकुनानेही लिहिली नाही. तिची पाने शेवाळाची आहेत व शाई धुळीची आणि धुराची आहे. सुमारे साडेचौदा हजार वर्षे ती अखंड लिहिली जात आहे. माणसाने हवेत काय सोडले, ह्याचा तीत हिशेब आहे. आणि त्या हिशेबात राजा, सावकार, मठवासी, कारखानदार ह्यांपैकी कोणालाही सूट नाही. ही वही स्वित्झर्लंड देशात, जुरा पर्वतातील एका तळ्याकाठी आहे. त्या काठाने चालण्याचा योग आम्हांस आला. तेथे जे पाहिले व त्याविषयी जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ला शो-द-फों हे घड्याळांचे गाव मागे टाकून लाल रंगाची छोटी आगगाडी पठारावरून संथपणे धावू लागते. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणे, त्यांत मधूनमधून एकेकटे उभे असलेले स्प्रूसचे उंच वृक्ष आणि त्यांच्या सावलीत चरणारे तांबूस रंगाचे धट्टेकट्टे घोडे. घरांची छपरे एवढी रुंद, की माणसे, गुरे आणि वर्षाचा चारा एकाच आढ्याखाली मावावा. ह्या पठारास फ्रांश-मोंतान्य, म्हणजे ‘मोकळे डोंगर’, असे म्हणतात. हे नाव पडण्याचे कारणही ऐकण्यासारखे आहे. बाझेलचे बिशप पूर्वी ह्या मुलखाचे राजेही होते. ह्या थंड आणि ओसाड डोंगरात येऊन जे रान तोडतील व वस्ती करतील, त्यांस त्यांनी १३८४ साली करांतून मोकळे केले. ती मोकळीक डोंगराच्या नावास कायमची चिकटली. येथील लोक फ्रेंच बोलतात. ते बहुतांशी कॅथोलिक आहेत, आणि घोड्यांवर त्यांचे एवढे प्रेम, की सेन्येलेजिए ह्या मुख्य गावी दर ऑगस्टात घोड्यांचा मोठा बाजार व शर्यती भरतात.

सेन्येलेजिएहून थोड्याच अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर, ग्रुएरचे तळे आहे. प्रथमदर्शनी मन चकित होते ते पाण्याच्या रंगाने. ते निळे नाही आणि हिरवेही नाही. कोऱ्या चहासारखे गडद तपकिरी आहे. सतराव्या शतकात एका चक्कीस पाणी मिळावे म्हणून येथे बांध घातला गेला, त्यातून हे तळे झाले. भोवतालची दलदल मात्र त्याहून कितीतरी प्राचीन. तीत पाय रुतू नये व तिलाही इजा होऊ नये म्हणून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. वाटेच्या दोहों अंगांस बुटके पाइन, जंगली बेरींची झुडपे आणि त्यांच्या मुळाशी ओल्या स्पंजासारखे मऊ, हिरवट-तांबूस शेवाळ. ह्या शेवाळाचे नाव स्फॅग्नम. आमच्या कथेचा नायक म्हणा किंवा लेखनिक म्हणा, तो हाच.

आता ही दलदल म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. जुरा पर्वताचा दगड चुनखडीचा; त्यातून पाणी झिरपून खाली निघून जाते. परंतु येथे एका सखल जागी चिकणमातीचा थर होता. त्यावर पाणी साचले, पाणवनस्पती उगवल्या, मेल्या आणि त्यांवर नव्या उगवल्या. शेवाळ मरते ते खालच्या अंगाने, वाढते ते वरच्या अंगाने. खालचा मेलेला भाग पाण्यात बुडालेला राहतो. तेथे हवा पोहोचत नाही, पाणी आंबट असते, म्हणून कुजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. असा थरावर थर साचून जी तपकिरी, तंतुमय माती बनते, तिला पीट म्हणतात. ग्रुएरच्या काठी असे पीट साडेसहा मीटरपर्यंत साचले आहे. आपल्याकडील चांगली खोल विहीर डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे त्या खोलीची कल्पना येईल. हिशेब केला तर सरासरी वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढ होत नाही. नखाच्या जाडीएवढी भर घालण्यासही शेवाळास वर्ष पुरत नाही. परंतु ते थांबतही नाही.

पीट साठत साठत भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच झाले, म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट घडते. ओढ्याचे पाणी किंवा जमिनीखालचा झरा ह्यांपैकी काहीही वरच्या थरापर्यंत पोहोचत नाही. आपल्या जिरायती शेतास जसा पाटाचा आधार नसतो, आभाळातून पडेल तेवढ्यावरच त्याची भिस्त, तशीच ही दलदल होते. तिला पाणी मिळते ते पावसाचे व बर्फाचे. माती मिळते ती वाऱ्याने उडवून आणलेल्या धुळीची. म्हणून त्या थरांत जे काही सापडेल, ते हवेतूनच आलेले असले पाहिजे. ह्या एका गुणामुळे दलदल ही हवेची नोंदवही ठरते.

पीट किती निष्ठेने वस्तू जतन करते, ह्याचा एक दाखला आपणां ख्रिस्ती वाचकांस विशेष आवडेल. आयर्लंडच्या टिपररी परगण्यात फॅडन मोर नावाची दलदल आहे. तेथे २००६ साली यंत्राने पीट काढीत असता एका कामगारास चामड्याच्या वेष्टनात गुंडाळलेले काहीतरी दिसले. ती स्तोत्रसंहितेची हस्तलिखित प्रत होती! सुमारे बाराशे वर्षांपूर्वी कोणा मठवासियाने वासराच्या चामड्यावर लिहिलेली. ती तेथे कशी पडली, हे देव जाणे. परंतु त्या काळ्या चिखलाने तिची कितीतरी अक्षरे आजवर सांभाळली. कित्येक वर्षांच्या परिश्रमानंतर ती आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. जी माती दावीद राजाची गीते सांभाळते, तीच माती माणसाचा धूरही सांभाळते. तिला आवडनिवड नाही.

हा धूर वाचायचा कसा? बर्न विद्यापीठातील विल्यम शोटिक ह्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रुएरच्या पीटाचा अभ्यास करून १९९८ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पोकळ नळी दलदलीत खोल घुसवून त्यांनी पीटाचा उभा दंडगोल बाहेर काढला व केळ्याच्या चकत्या कराव्या तशा त्याच्या पातळ चकत्या केल्या. सजीव वस्तू मेल्यावर तिच्यातील एका प्रकारचा कार्बन ठरावीक गतीने कमी होत जातो. तो किती उरला हे मोजून प्रत्येक चकतीचे वय काढता येते. मग त्या चकतीत शिसे किती आहे, हे मोजले. शिसेच का निवडले? कारण शिसे शेवाळात जेथे पडते तेथेच खिळून राहते. जस्तासारखे काही धातू पाण्याबरोबर वरखाली सरकतात, त्यामुळे त्यांची साक्ष तितकी भरवशाची नाही.

येथे एक शंका येईल. थोडे शिसे साध्या मातीतही असतेच. मग निसर्गाचे शिसे कोणते व माणसाचे कोणते? ह्या शंकेची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की मातीच्या धुळीत स्कँडियम नावाचे एक मूलद्रव्य असते. खाणीच्या भट्ट्यांतून ते हवेत फारसे जात नाही. नुसती धूळ उडाली तर शिसे व स्कँडियम दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. शिसे एकटेच वाढले, तर समजावे की कोणीतरी भट्टी पेटविली आहे. दुसरे उत्तर असे, की शिशालाही कूळ असते. शिशाचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात, आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण प्रत्येक खाणीत निराळे असते. आडनावावरून जसे गाव ओळखावे, तसे ह्या प्रमाणावरून शिसे कोठल्या बाजूचे, ह्याचा अंदाज बांधता येतो.

चला तर, ही वही तळापासून वाचू या.

अगदी तळाची पाने हिमयुग सरत असतानाची आहेत. तेव्हा झाडे विरळ होती, थंड वारे उघड्या जमिनीवरून धूळ उडवीत, म्हणून शिशाच्या नोंदी मधूनमधून वाढलेल्या दिसतात. परंतु ती निसर्गाची धूळ. पुढे हवा उबदार झाली, रान माजले, माती झाकली गेली, आणि वहीत सर्वांत स्वच्छ पाने आली. त्या काळी एका चौरस मीटर जागेवर सबंध वर्षात शिसे पडत असे ते एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. देवाने माणसाच्या हाती सोपविलेली हवा एवढी निर्मळ होती. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी पहिला फरक दिसतो. युरोपात माणसे रान तोडून शेती करू लागली, उघडी माती वाऱ्यावर उडू लागली व शिशाबरोबर स्कँडियमही वाढले. ह्या पानावर जणू नांगराची सही आहे. तीत दोष असा नाही. आदामाच्या लेकरांस घाम गाळून भाकर मिळवणे भागच होते. परंतु सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या पानावर निराळीच सही उमटते. आता शिसे एकटे वाढू लागते आणि त्याचे कूळही बदलते. माणसाने खाणी खणल्या, दगड वितळविले. त्या दिवसापासून आजपर्यंत हवेतील शिशात माणसाचा वाटा निसर्गाच्या वाट्याहून नेहमीच मोठा राहिला आहे, असे ह्या शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

मग येतो रोमन साम्राज्याचा काळ, आणि नोंद उंच चढते. रोमन लोकांना शिशाचे भारी वेड. पाण्याच्या नळ्या शिशाच्या. त्यांच्या भाषेतील शिशाच्या नावावरूनच आजचा ‘प्लंबर’ हा शब्द आला. परंतु धुराचे मोठे कारण चांदी हे होते. चांदी बहुधा शिशाच्या दगडातच मिसळलेली असते. तो दगड भाजून, शिसे वितळवून त्यातून चांदी वेगळी करावी लागते. स्पेनमध्ये अशा भट्ट्या अहोरात्र धगधगत, आणि त्यांचा धूर वारा दूरदूर नेत असे. ग्रीनलंडच्या बर्फातही त्याच काळची नोंद सापडली आहे. कर द्यावा की न द्यावा, ह्या प्रश्नावर प्रभू येशूंनी कैसराचे चित्र असलेले जे नाणे दाखवावयास सांगितले, ते चांदीचे होते. तशी लक्षावधी नाणी पाडण्यासाठी जो धूर निघाला, त्याची रेघ अल्पाइन प्रदेशाच्या मातीत व ध्रुवाजवळच्या बर्फात अजून शिल्लक आहे. कैसराचे कैसरास दिले गेले. धूर मात्र सर्वांच्या वाट्यास आला.

साम्राज्य कोसळले, खाणी ओस पडल्या आणि पाने पुन्हा थोडी उजळली. मध्ययुगात जर्मनी, इंग्लंड इत्यादी देशांत खाणी परत सुरू झाल्या व रेघ पुन्हा चढू लागली. ह्या काळाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मात्र ती वाचण्यासाठी दलदलीचे पान पुरत नाही. पीटाच्या एका चकतीत अनेक वर्षे एकत्र मिसळलेली असतात. वर्षावर्षाचा हिशेब हवा असेल, तर आल्प्सच्या हिमाकडे वळावे लागते. स्वित्झर्लंड आणि इटली ह्यांच्या सीमेवर मोंते रोझा पर्वताच्या शिखरांजवळ, साडेचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर, कोल्ले न्यिफेत्ती येथे दरवर्षीच्या बर्फावर दुसऱ्या वर्षीचे बर्फ बसून असेच थर झाले आहेत. ते लेझर किरणांनी इतक्या बारकाईने वाचता येतात, की एकेका वर्षाची नोंद हाती येते.

त्या बर्फात संत थॉमस बेकेट ह्यांची कथा आहे. बेकेट हे कँटरबरीचे आर्चबिशप. ख्रिस्तसभेच्या हक्कांसाठी ते राजा दुसरा हेन्री ह्यास सामोरे गेले आणि २९ डिसेंबर ११७० रोजी त्यांच्याच कॅथेड्रलात राजाच्या सरदारांनी त्यांचा वध केला. राजा व ख्रिस्तसभा ह्यांचा तंटा विकोपास गेला, त्या सुमारास इंग्लंडातील शिशाचे उत्पादन घटले, अशी नोंद बर्फात दिसते. पुढे हेन्रीस पश्चात्ताप झाला. ११७४ साली तो अनवाणी पायांनी संताच्या कबरीपाशी गेला. प्रायश्चित्त म्हणून त्याने मठांना उदार हाताने देणग्या दिल्या, मोठमोठ्या इमारती उभारल्या. त्यांच्या छपरांना शिशाचे पत्रे लागले. भट्ट्या जोरात पेटल्या. आणि बर्फातली शिशाची नोंद पुन्हा वर गेली. ह्याविषयीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तो वाचून आम्ही काही वेळ विचारात पडलो. हत्येची तशी प्रायश्चित्ताचीही नोंद! देवाच्या गौरवासाठी घातलेल्या छपराचा धूरही धूरच असतो. हेतू चांगला असला म्हणून वारा त्याला गाळून घेत नाही. पॅरिसचे नोत्र-दाम कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा त्याच्या छपराच्या शेकडो टन शिशाचा प्रश्न उभा राहिला व आसपासच्या मुलांच्या रक्ताची तपासणी करावी लागली, हे वाचकांस आठवत असेल.

त्याच बर्फात आणखी एक पान आहे, आणि ते दुःखाचे आहे. १३४९ ते १३५३ ह्या वर्षांत शिसे एकाएकी जवळजवळ नाहीसे झाले. हवा निर्मळ झाली, परंतु कशाने? युरोपात प्लेगची महामारी आली होती. खाणीत उतरायला माणसेच उरली नव्हती. अशा रीतीने हवा स्वच्छ व्हावी, असे कोण म्हणेल? परंतु ह्या पानाने शास्त्रज्ञांचा एक समज दूर केला. कारखान्यांच्या पूर्वी हवेत जे शिसे होते ते नैसर्गिकच होते, असे मानले जात असे. ते तसे नव्हते, तेही माणसाचेच होते.

आता पुन्हा ग्रुएरच्या काठी येऊ आणि वरची पाने उलटू. एकोणिसावे शतक येते: दगडी कोळसा, आगगाड्या, लोखंडाच्या व शिशाच्या भट्ट्या. रेघ डोंगरासारखी उभी चढते. विसाव्या शतकात कोळशाची जागा पेट्रोल घेऊ लागते. मोटारीचे यंत्र ठोके न देता सुरळीत चालावे म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळण्याची युक्ती १९२१ साली अमेरिकेत निघाली. ती स्वस्त होती, सोयीची होती. ते संयुग बनविणाऱ्या कामगारांपैकी कित्येकांस भ्रम झाला, काही मृत्युमुखी पडले, तरीही ते विकले गेले. स्वित्झर्लंडात असे पेट्रोल १९४७ साली आले. आणि दलदलीच्या त्या सुमाराच्या थरात शिशाचे कूळ बदललेले आढळते. ज्या कुरणांत घोड्यांच्या घुंगरांवाचून आवाज नाही, तेथील शेवाळानेही दूरच्या रस्त्यांवरील मोटारींची नोंद केली.

१९७९ साली नोंद शिखरास पोहोचली. त्या वर्षी एका चौरस मीटरवर १५.७ मिलिग्रॅम शिसे पडले. पूर्वी लक्षात ठेवावयास सांगितलेला तो शंभरावा भाग आता आठवावा. त्याच्या १,५७० पट! रोमन साम्राज्याने, मध्ययुगाने, वाफेच्या यंत्रांनी मिळून जे गाठले नाही, ते आमच्या पिढीने मोटारीत बसून गाठले. योगायोग असा, की ज्या १९७९ सालच्या जानेवारीत जुरा हा स्वतंत्र प्रांत म्हणून स्वित्झर्लंडात सामील झाला व जुराच्या गावोगावी आनंद झाला, तेच हे वर्ष. वर चर्चच्या घंटा वाजत होत्या, खाली शेवाळ मुकाट्याने आपला हिशेब लिहीत होते.

एवढ्यावर ही कथा संपली असती, तर ती सांगण्यात आम्हांस काही गोडी वाटली नसती. परंतु शिखराच्या वरची पाने पाहावीत: तेथे रेघ उतरू लागते. शिशाने मुलांच्या मेंदूस इजा होते, शिकण्याची शक्ती मंदावते; शरीरात त्याचे इतके प्रमाण निर्धोक आहे असे सांगण्याजोगा आकडाच नाही, हे डॉक्टरांनी दाखवून दिले. देशोदेशींच्या सरकारांनी कायदे केले. ऐंशीच्या दशकात स्वित्झर्लंडात शिसेविरहित पेट्रोल आले. आपल्या भारतात २००० साली मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ साली ते थांबले, आणि सबंध पृथ्वीवर मोटारीत शिसे जाळणारा देश उरला नाही. प्लेगच्या वेळी हवा स्वच्छ झाली ती माणसे मेली म्हणून. ह्या वेळी ती स्वच्छ होऊ लागली ती माणसे शहाणी झाली म्हणून. ह्या दोन पानांतला फरक आपल्या मुलांस अवश्य समजावून सांगावा. तो जसा विज्ञानाचा धडा आहे, तसाच पश्चात्तापाचाही आहे. पश्चात्ताप म्हणजे नुसते उसासे नव्हेत, वागणूक बदलणे, हे आपण पापस्वीकाराच्या वेळी ऐकतोच.

तरीही आपल्या घरांतून शिसे गेले असे समजू नये. गाडीच्या किंवा दिव्याच्या जुन्या बॅटऱ्या शिशाच्या असतात. त्या अंगणात फोडणे वा वितळविणे म्हणजे लहान प्रमाणावर रोमन भट्टी पेटविणेच होय. घरगुती रंगांत शिसे अत्यल्पच असावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु जुन्या दारे-खिडक्यांवर जुनाच रंग असतो. तो घासताना धूळ घरात पसरू देऊ नये, लहान मुलांस दूर ठेवावे. भांड्यांना कल्हई करविताना कथील शुद्ध आहे ना, हे कल्हईवाल्यास विचारून घ्यावे. ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु रांगते मूल जमिनीवरची बोटे तोंडात घालते, आणि हिशेबाची पहिली ओळ तेथेच लिहिली जाते.

आणखी एक चिंता सांगितली पाहिजे. ही वही स्वतःच जळून जाण्याचा धोका आहे. पीट वाळविले की उत्तम जळण होते. आयर्लंडात पिढ्यान्‌पिढ्या गोरगरिबांच्या चुली त्यावरच पेटल्या, त्याच उबेत कुटुंबाची रोजरीची प्रार्थना झाली. त्यांस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पुढे यंत्रांनी, वीज करण्यासाठी व बागांच्या कुंड्यांसाठी, शेकडो वर्षांचे थर एका उन्हाळ्यात ओरबाडले जाऊ लागले. स्वित्झर्लंडातही बहुतेक दलदली निचरा करून शेतांत मिळविल्या गेल्या. ग्रुएरच्या दलदलीस १९४३ साली संरक्षण मिळाले म्हणून ती वाचली. पुढे श्वीत्स प्रांतातील रोथेनथुर्म येथील दलदलीवर लष्करी तळ करण्याचे घाटत असता लोकांनी सार्वमत मागितले. ६ डिसेंबर १९८७ रोजी जनतेने कौल दिला, आणि उरलेल्या महत्त्वाच्या दलदली राखण्याचे कलम देशाच्या घटनेतच आले. पृथ्वीच्या भूभागापैकी अवघ्या तीन टक्क्यांच्या आसपास पीटाची जमीन आहे. परंतु जमिनीत साठलेल्या कार्बनपैकी सुमारे तिसरा हिस्सा तीत आहे. ती वाळली की तो कार्बन पुन्हा हवेत जातो. म्हणजे वही जाळली तर नुसता इतिहास जात नाही, धूरही वाढतो.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात पृथ्वीला आपणां सर्वांचे समान घर म्हटले आहे. घर समान असेल, तर धूरही समान, आणि त्याचा हिशेबही समान. काइनाने शेतात केलेले कृत्य कोणी पाहिले नाही असे त्यास वाटले होते. परंतु जमीनच साक्षीला उभी राहिली, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. ग्रुएरच्या काठी त्या कथेचा अर्थ आम्हांस अधिक स्पष्ट झाला. जमीन बोलत नाही, परंतु ती विसरतही नाही. आपण मात्र राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतो आणि आपण मातीचे आहोत हे वर्षातून एकदाच आठवतो.

तळ्याकाठचे आजचे शेवाळ हिरवेगार आहे. त्यावर जे पान लिहिले जात आहे, ते वाचण्यास आपण नसू. आणखी दोनशे-चारशे वर्षांनी कोणी अभ्यासक तेथे नळी खुपसून आपला थर वर काढील, भिंगाखाली धरील आणि म्हणेल: ह्या लोकांनी एके काळी फार घाण केली, परंतु त्यांस ते कळले, आणि कळल्यावर ते थांबले. आपल्याविषयी एवढे जरी त्यास म्हणता आले, तरी आपल्या नातवंडांच्या नातवंडांस मान खाली घालावी लागणार नाही. ते म्हणता यावे, ही जबाबदारी मोठमोठ्या सरकारांची जेवढी, तेवढीच अंगणात जुनी बॅटरी घेऊन बसलेल्या प्रत्येक घरधन्याचीही आहे.